सात नंबरचा साप

नागपंचमीच्या दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सात नंबरचा साप पांढरा व्हायला लागला, तेव्हा मी हळदीच्या पानांवर पातोळ्या लावत होते. या दिवशी आमच्या कोळवेखारात तवा चुलीवर चढत नाही, विळी खाली उतरत नाही आणि जमिनीत कुदळ जात नाही. जे काही शिजायचं ते वाफेवर. हात पिठात असल्यामुळे फोन दोनदा गुरगुरला तरी मी पाहिला नाही. तिसऱ्यांदा पाहिला, तर आकडा पाच होता.

पाच म्हणजे फारसं काही नाही. साप आजारी असेल, उपाशी असेल, शेजारून मोठा खेकडा गेला असेल. पण आठ मिनिटांत पाचाचे आठ झाले, आणि आठला माझी जबाबदारी सुरू होते.

आमचं गाव खाडीच्या पातळीच्या खाली आहे. खाडी आणि आमची भातखाचरं यांच्यामध्ये मातीचा अडीच किलोमीटरचा बांध आहे. तो आजोबा-पणजोबांनी घातला आणि दर वर्षी घरटी एक माणूस जाऊन आम्ही तो लिंपतो. बांधाच्या मध्यावर पाण्याची ये-जा करणारं दार आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. बांध फुटून पाणी आत घुसलं की खांड पडली म्हणतात. पूर्वी खांड पडली की एका हंगामाचं भात जायचं. आता समुद्र वर चढलाय, त्यामुळे पाणी खालच्या आळीतल्या साठ घरांच्या आढ्याला लागेल असा हिशेब आहे. आमचं घर खालच्या आळीतच आहे.

बांध वरून फुटत नाही. तो आतून फुटतो. खेकड्याचं बीळ, कुजलेलं मूळ, काहीतरी निमित्त होतं आणि पाण्याची सुतासारखी धार आरपार वाट काढते. ती माती नेत नेत रुंद होते, आणि एके दिवशी वरचं छप्पर खाली बसतं. ही धार ओळखायला इथे यंत्रं बसवून झाली होती. खारा चिखल आणि पावसाळा यांनी ती दोन वर्षांत खाऊन टाकली.

मग साप आले. बोर्निओ बेटावर कापुआस नावाची नदी आहे, तिच्या काठच्या चिखलात हात-दीड हात लांबीचा, लालसर तपकिरी साप राहतो. या शतकाच्या सुरुवातीला एका अभ्यासकाने तो बादलीत ठेवला आणि थोड्या वेळाने पाहिलं तर साप जवळजवळ पांढरा. का, ते बरीच वर्षं कुणालाच कळलं नाही. पुढे आमच्या डॉ. सबनीसांच्या प्रयोगशाळेत त्याचा उलगडा झाला. या सापाच्या डोक्यावरच्या खवल्यांत पाण्याचा दाब ओळखणारे बारीक ठिपके असतात. नदीचा काठ आतून पोखरला जाऊ लागला की दाबातली थरथर त्याला कळते. तो घाबरतो, रक्तात एक द्रव्य उतरतं आणि कातडीच्या पेशींतला रंग आक्रसून एका बिंदूत गोळा होतो. तोच रंग पसरला की साप तपकिरी, गोळा झाला की पांढरा. काठ ढासळण्याआधी तीन-चार तास तो पांढरा होतो. बादलीत ठेवलेला सापही असाच, अंगाखाली चिखल नाही म्हणून घाबरलेला होता.

प्रयोगशाळेने याच सापांची पैदास केली, सगळे नर, म्हणजे एखादा सुटला तरी वंश वाढायचा नाही. आमच्या बांधात दोनशे-सव्वादोनशे मीटरवर एक अशा भोकं पाडलेल्या अकरा नळ्या पुरल्या आणि प्रत्येकीत एक साप सोडला. वर जाळीचं झाकण, त्यात उजेड मोजणारी चकती. साप किती पांढरा आहे ते शून्य ते दहा आकड्यांत माझ्या फोनवर येतं. विष सौम्य, चावला तर हात सुजतो एवढंच. मला दोनदा चावलाय. शहरात शिकून आलेली मुलगी गावात परत येऊन सापांना मासे भरवते, यावर लोकांनी सहा महिने हसून घेतलं. मग त्यांची सवय झाली आणि बायकांनी नागपंचमीला वारुळाकडे जायचं सोडून नळ्यांकडे जायला सुरुवात केली. गेल्या वर्षी पहिल्या तीन नळ्यांत दूध पडलं. दुधाने पाणी नासलं, साप बिथरले आणि तिघेही पांढरे झाले. म्हणून यंदा मी पाट्या लावल्या होत्या, ‘दूध ओतू नये’. त्या पाट्यांवरही कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं.

नियम असा की, आकडा आठ झाला की राखणदाराने, म्हणजे मी, अर्ध्या तासात त्या नळीपाशी स्वतः जाऊन पाहायचं. नाहीतर कारण आणि साक्षीदार लिहून इशारा रद्द करायचा. दोन्ही नाही केलं तर भोंगा आपोआप वाजतो.

मी हात धुतले, रेनकोट अंगात घातला. भरती किती वाजता आहे ते बघायला मला फोन लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी, म्हणजे पावणेचार. अमावास्येचं उधाण ओसरून चार दिवस झाले होते आणि गाव निर्धास्त होतं. उधाणात बांध टिकला म्हणजे टिकला, असं आमच्याकडे मानतात.

दारातच आई भेटली. डोक्यावरचा पदर भिजलेला, हातात पूजेचं ताट, तांब्या.

“कुठं चाल्लीस पावसात?”

“उघाडीपलीकडे. सात नंबर पांढरा झालाय.”

आईने ताट ओसरीवर ठेवलं, तांब्या त्याच्या शेजारी ठेवला. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, “दूध मीच घातलंय त्याला.”

“सातला?”

“हां. सकालीच. वरसाचा सन हाय, एवढंसं घातलं. आता तू वरडनार म्हनून बोलले नाय.”

मी ओरडले. पण खरं सांगायचं तर त्या ओरडण्यात जोर नव्हता, कारण आतून मी सुटले होते. हे सुटणं काय होतं ते सांगायला हवं. या गावात आधी दोन इशारे दिले होते. पहिला होळीचा, ढोलांच्या दणक्याने तीन साप पांढरे झाले आणि सगळी खालची आळी शाळेत जाऊन बसली. तो इशारा खोटाच होता. दुसरा ज्येष्ठातल्या उधाणाचा. तेव्हा आम्ही दिवसभर चार नंबरपाशी चिखल टाकला आणि खांड पडली नाही. म्हणून तोही खोटा धरला गेला. साप खोटा होता की आमचा चिखल कामाला आला, हे कुणी विचारलं नाही. तीन इशारे खोटे ठरले की प्रकल्प त्या गावातून उचलायचा, असा तो चालवणाऱ्या कार्यालयाचा नियम होता. गावात तर तेवढीही वाट कुणी पाहत नव्हतं. दुकानात गेलं की, “हर्षाली, आज कुनाला ताप आलाय गं?” असं विचारत.

त्यामुळे आई म्हणाली दूध घातलंय, आणि मी रेनकोट काढला. फोनवर कारण लिहिलं, ‘नळीत दूध’. साक्षीदार, ‘गोमती दामा ठाकूर’. इशारा रद्द. एकदा रद्द केला की ती नळी दोन तास गप्प होते, उगाच त्रास नको म्हणून. एक वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

पातोळ्या सुरेख झाल्या. आई नेहमीपेक्षा जास्त वाढत होती.

अडीचच्या सुमाराला बाबा जेवायला आले. बाबा उघाडीची दारं सांभाळतात. ते कमी बोलतात. पूर्वी असे नव्हते. बारा वर्षांपूर्वीपर्यंत ते बांधाचे राखणदार होते, आणि बांध कसा आहे हे दामाने सांगितलं की गाव दुसऱ्या कुणाला विचारत नसे. त्या वर्षी श्रावणात कुणीतरी म्हणालं, उघाडीपलीकडे माती ओली दिसते. बाबा म्हणाले, काही नाही. आणि माझ्या भावाला, विनूला म्हणाले, जा, बघून ये. विनू एकोणीस वर्षांचा होता. तो बघायला गेला आणि तो उभा होता तिथेच खांड पडली. तेव्हापासून बाबांनी बांधाबद्दल मत दिलेलं नाही. साप आणायचे का, या सभेत ते एकच वाक्य बोलले होते, “मान्साचा भरवसा ठेवू नका.” आणि तेव्हापासून आई उघाडीच्या पलीकडे गेलेली नाही. पलीकडच्या शेताची लावणीसुद्धा ती मजूर लावून करते.

हे सगळं मला माहीत होतं. मी याच घरात राहते.

“आईनं यंदा कमाल केली,” मी बाबांच्या ताटात पातोळी ठेवत म्हटलं. “सात नंबरलाही दूध पाजून आली. तो पांढराफटक पडलाय बिचारा.”

बाबांचा हात थांबला.

“सातला? कोन गेलता सातला?”

“आई.”

“मी सकालधरनं उघाडीवर हाय. फलीवरनं पलीकरं कोन पन गेला नाय.” त्यांनी आईकडे पाहिलं. “ती तर नायच.”

उघाडीवरची फळी ओलांडल्याशिवाय सात नंबरला जाता येत नाही. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. चुलीत विस्तवच नव्हता, तरी ती फुंकत होती.

“आये,” मी म्हटलं, “का बोललीस?”

“तू चाल्ली होतीस,” ती वळली नाही. “इनूपन बघायलाच गेलता.”

मला राग आला नाही, भीती वाटली. आईची नाही, माझी. बारा वर्षं उघाडी न ओलांडलेली बाई मला सांगते की मी सकाळी तिकडे दूध घालून आले, आणि मी ते लिहून घेते. साक्षीदार म्हणून तिचं नाव टाकते. मी मूर्ख नाही. मला ते खरं असायला हवं होतं, एवढंच.

फोनवर सात नंबरचं गप्प बसणं उठवलं. दहा. सहा नंबर चारवर होता, आठ नंबर पाचवर.

वीस मिनिटं कमी तीन. भरतीला एक तास पाच मिनिटं. मी भोंगा वाजवला आणि पळत सुटले. बाबा माझ्या पुढे होते, अनवाणी.

समाजमंदिरात पत्त्यांचे तीन डाव रंगले होते. भोंगा वाजत होता आणि कुणीही उठलेलं नव्हतं. बांध कमिटीचे हसूराम पाटील दारात येऊन उभे होते, हातात पत्ते तसेच धरून.

“हर्षाली, घंट्याभरापूर्वी फोनवर आला, इशारा रद्द. आता पुन्हा भोंगा. सापाचा रंग बदलतो का तुजा?”

“रद्द करण्यात माझी चूक झाली, काका. बांध फुटतोय. सात नंबरला. बायकापोरांना शाळेत पाठवा आणि फावडी घेऊन चला.”

“फावरी?” ते हळू बोलले, चिडून नव्हे. “आज पंचमी हाय, पोरी. आज कुदल लावतात का? आनि ती पन त्याच्या बिलावर?”

मागून कुणीतरी म्हणालं, उधाण तर गेलं. दुसरं कुणीतरी हसलं. मी हात जोडले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. हसूरामकाकांनी शेवटी बायकापोरांना शाळेकडे पिटाळलं, एवढं केलं. फावडं कुणी उचललं नाही. एक सुभाष मोकल उठला, त्याचं घर बांधाला सगळ्यांत जवळ होतं, आणि त्याच्या पाठोपाठ त्याचा मेहुणा.

आम्ही चौघे सात नंबरला पोचलो तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. बांध वरून धडधाकट दिसत होता. गवत हिरवं, नळीचं झाकण जागच्या जागी. बाबा आतल्या बाजूने शेतात उतरले आणि रोपांत वाकून बघू लागले. मग त्यांनी मला नुसता हात केला.

बांधाच्या पायथ्याशी, लावणीच्या दोन ओळींच्या मधे, पाणी उकळत होतं. बशीएवढी जागा. बांध थोडा झिरपतोच, त्यात काही नाही. पण झिरपलेलं पाणी नितळ असतं. हे चहासारखं होतं. म्हणजे ते माती घेऊन येत होतं.

बाबा पुन्हा वर चढून खाडीच्या अंगाला उतरले. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. ते पायाने चाचपत होते, आणि मला पाहायचं नव्हतं तरी मी पाहत होते. एका जागी त्यांनी पटकन पाय मागे घेतला.

“इथं आत ओढतंय,” ते म्हणाले. “पेंढ्याचा भारा दे.”

सुभाषने गोठ्यातून आणलेल्या पेंढ्याचा एक भारा आम्ही दिला, त्यांनी पायाने कोंबला, तो गेला. दुसरा दिला, तोही आत गेला. तोंड आता पेंढ्याने बंद होण्याएवढं लहान राहिलं नव्हतं. ते वर आले, बांधावर उभं राहून दोन्ही बाजूंकडे बघितलं आणि नळीच्या अलीकडे टाच रोवली.

“वाट हिच्याच खालनं जाते. वरनं खनत खाली जायचं, वाट लागली की चिकनमाती ठोकून मधीच तोरायची. दुसरा विलाज नाय.” बारा वर्षांत बांधाबद्दल त्यांनी दिलेलं हे पहिलं मत होतं.

सुभाषच्या हातात कुदळ होती. तो नळीकडे पाहत होता. झाकणाच्या जाळीतून साप दिसत होता, चुन्यासारखा पांढरा, तोंड वर करून. सुभाषने कुदळ उचलली आणि खाली टेकवली.

“दामाकाका, मना दोन ल्हान पोरं हायत,” तो म्हणाला. “आजच्या दिवशी नको. दुसरा कोन तरी पयला घाव घालू दे.”

मी कुदळ घेतली. मला या असल्या गोष्टींचं काही वाटत नाही असं मी कॉलेजात सगळ्यांना सांगायचे. पण हात वर जाईना. लहानपणापासून ज्या दिवशी आई विळीलाही हात लावू देत नाही, त्या दिवशी सापाच्या घरावर कुदळ मारायची, आणि सापही माझाच, मी हाताने मासे भरवलेला. मी एक घाव घातला, तो दोन बोटंही आत गेला नाही.

तेवढ्यात सुभाषचा मेहुणा म्हणाला, “त्या बगा कोन येतंय.”

बांधावरून बायका येत होत्या. शाळेकडे गेलेल्या, पंचमीच्या नव्या साड्या नेसलेल्या, पंधरा-वीस जणी, डोक्यावर टोपल्या आणि घमेली. पुढे आई. तिच्या एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातात पूजेचा तोच तांब्या. उघाडीपाशी ती थांबली. फळीखालून पाणी खदखदत आत येऊ पाहत होतं. मागच्या बायका थांबल्या. कुणी तिला हाक मारली नाही, पुढेही कुणी गेलं नाही.

मग तिने चपला काढल्या, फळीवर पाय ठेवला आणि खाली न बघता चालत पलीकडे आली.

ती माझ्याजवळ आली तेव्हा तिला धाप लागली होती. तिने तांब्या माझ्या हातात दिला. “त्याला ह्याच्यात घे,” ती म्हणाली. “फावऱ्याखाली नको येव दे.”

मी झाकण उघडून हात घातला. साप चावला नाही, मनगटाला घट्ट विळखा घालून वर आला. मी त्याला तांब्यात सोडलं आणि वर ओलं फडकं बांधलं. आई नळीसमोर वाकली. तिने मातीला हात लावून तो कपाळाला लावला.

“आज दोन पापं केली मी,” ती मोठ्याने म्हणाली, बाबांना, मला, बायकांना, कुणालाही. “एक खोटं बोलले. त्याच्यापरीस हे ल्हान हाय.” आणि तिने फावडं मारलं.

तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. त्यानंतर वेळ मी पाहिली नाही. आई आणि मी खणत होतो, सुभाषने कुदळ परत घेतली. बायकांनी शेताच्या कडेने चिकणमाती उपसून हातोहात वर द्यायला सुरुवात केली. नळी उपटून काढली. खड्डा मांडीएवढा झाला, कमरेएवढा झाला, आणि बाबा आत उतरले. खाडी बांधाच्या माथ्यापासून दीड वीत खाली होती. मग खड्ड्याच्या तळातून पाणी एकदम वर आलं आणि बाबांच्या पायाखालची जागा बसली. ते खांद्यापर्यंत आत गेले.

आई किंचाळली नाही. ती पालथी पडली आणि तिने त्यांची दोन्ही मनगटं धरली. मी तिचे पाय धरले. आतल्या अंगाला बांधाचा एक लचका सुटून शेतात पडला आणि बशीएवढी जागा परातीएवढी झाली.

“ओढा वर त्याला,” माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. हसूरामकाका होते. त्यांच्या मागे समाजमंदिर होतं, सगळंच्या सगळं. बायका फळी ओलांडून गेल्यावर तिथे पत्ते खेळत बसणं कुणाला जमलं नसावं. चार जणांनी बाबांना वर काढलं. मग पन्नास-साठ माणसांनी त्या भोकात चिखल, पेंढा, सुभाषच्या गोठ्याचं दार, जे मिळेल ते घातलं आणि वर उभं राहून पायांनी ठोकलं. हसूरामकाका सगळ्यांत जास्त ठोकत होते.

पावणेचारला खाडी तिथल्या खचलेल्या माथ्याला लागली. थोडं पाणी वरून आलं, घोट्याएवढं. बायका बांधावर ओळीने बसल्या, आपल्या अंगाने ते अडवत. नव्या साड्या त्या वर्षी एकीच्याही राहिल्या नाहीत. साडेचारला कुणीतरी शेतात उतरून ओरडलं, पाणी नितळ येतंय. मग ते येणंही कमी झालं. बांध राहिला.

संध्याकाळी मी तक्ता भरायला बसले. कार्यालयाच्या तक्त्यात शेवटचा रकाना होता, इशारा खरा की खोटा. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, खांड पडली असेल तरच ‘खरा’ म्हणावं. मी कार्यालयातल्या दीक्षित मॅडमना फोन केला. त्या भल्या बाई. सगळं ऐकून म्हणाल्या, “हर्षाली, मला पटतंय. पण खांड पडली नाही ना? मग तिसरा रकाना नाहीये गं.”

हसूरामकाका ओसरीवरच होते. म्हणाले, “लिही ना, जराशी खांड परली. लचका सुटला तो कोन मोजायला येतो? आमी सगली सही करतो.” त्यांना साप आता हवे होते. मायेने बोलत होते.

मी आईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तांब्या. अंगाखाली चिखल नाही म्हणून तांब्यातला साप अजून पांढराच होता. तिने फडकं बाजूला करून त्यात मूठभर खाडीचा चिखल सोडला होता आणि तो निवण्याची ती वाट बघत होती.

“नको काका,” मी म्हटलं. “मायेनं बोललेलं एक खोटं आज पुरे झालं.”

खांड पडली का, याच्यापुढे मी ‘नाही’ लिहिलं. मग पट्टी घेऊन तक्त्याच्या कडेला तिसरा रकाना आखला आणि त्यात लिहिलं, ‘साप खरा होता. खांड आम्ही पडू दिली नाही.’ एक वाजून एकतीस मिनिटांनी इशारा का रद्द केला, त्याच्यापुढे लिहिलं, ‘साक्षीदार खोटं बोलली आणि राखणदाराला ते खरं हवं होतं. साक्षीदार कधी उघाडी ओलांडत नाही, हे राखणदाराला माहीत होतं.’ आईला वाचून दाखवलं. तिने ‘कधी’वर बोट ठेवलं.

“आज वलांडली ना,” ती म्हणाली. “ते पन लिही.” मग तिने सही केली.

त्या तक्त्याचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. साप न्यायला गाडी येईल, किंवा येणार नाही. गावाने मात्र आपापसात ठरवून टाकलंय की गाडी आली तर ती उघाडीपर्यंत पोचणार नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला साप कडेने तपकिरी व्हायला लागला. आई तोवर जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी नवी नळी खांद्यावर घेतली आणि मी तांब्या उचलायला गेले, तर तो जागेवर नव्हता. आई अंगणात उभी होती, तांब्या कडेवर घेऊन.

“चल,” ती म्हणाली. “त्याला सोरून येऊ. मंग मना इनू कुठं उभा होता ते दाखव.”

बाबांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले. उघाडी आली. आई या वेळी थांबली नाही.